रात्री तीन वाजता कोणतं बायबल उघडावं: छापील प्रत, मोबाइल अ‍ॅप आणि वचनांचं कॅलेंडर

खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत देवाचं वचन साधारण तीन रूपांत सापडतं. कपाटात किंवा उशाशी छापील पवित्र शास्त्र, मोबाइलमध्ये बायबलचं अ‍ॅप आणि भिंतीवर वचनांचं कॅलेंडर. काही घरांत वचनपेटीही असते: छोट्या डबीत गुंडाळ्या किंवा कार्डं, सकाळी एक काढायचं आणि वाचायचं. या परीक्षणात सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे. माणूस घाबरलेला असताना यातलं काय कामाला येतं?

भीती म्हणजे इथली, रोजची. रावेर-यावलकडं केळीचे घड कापणीला आलेत आणि वादळाचा अंदाज आलाय. कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसलीय आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. शेतीची लाइट रात्रीची, पाणी भरायला बांधावर जायचं, आणि गावात बिबट्याची चर्चा. नवापूर-अक्कलकुव्याकडं पोराचा सिकलसेलचा रिपोर्ट यायचाय. सुरतेला कामाला गेलेल्याचा फोन दोन दिवस लागत नाही.

निकाल आधीच सांगतो. मध्यम आकाराची, शिवलेल्या बांधणीची छापील प्रत घ्या. अ‍ॅप ठेवा, पण मुख्यतः ऐकायला. कॅलेंडर दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहायला उत्तम. आता कारणं.

छापील प्रत

तालुक्याच्या गावात ख्रिस्ती पुस्तकांचं वेगळं दुकान क्वचितच असतं. प्रती येतात त्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांमार्फत, कन्व्हेन्शनच्या म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याच्या मांडवातल्या टेबलावर किंवा कुरिअरनं. त्यामुळं हातात घेऊन पाहायची संधी कमी मिळते. मिळाली की पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बांधणी. पुस्तक मिटून पाठीच्या वरच्या टोकाकडं पाहा. घडीचे फर्मे गोल-गोल दिसत असतील आणि मधोमध उघडल्यावर दोरा दिसत असेल तर प्रत शिवलेली आहे. नुसता सरळ कापलेल्या कागदांचा गठ्ठा आणि त्याला डिंक, असं असेल तर भुसावळच्या मे महिन्यात तिचं काही खरं नाही. पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर जातो. डिंक मऊ पडतो, पानं सरकतात, मग थंडीत तोच डिंक कडक होऊन तडकतो. पहिली पानं सुटतात ती स्तोत्रसंहितेची, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकाची, कारण पुस्तक साधारण मधोमध तिथंच उघडतं आणि घाबरलेली माणसंही तिथंच उघडतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर प्रत ठेवणं हा तिला मारायचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

दुसरी, अक्षर. खिशात मावणारी बारीक टाइपाची प्रत देखणी दिसते, पण चाळिशीपुढच्या माणसाला विजेरीच्या उजेडात ती वाचता येत नाही, आणि भीती नेमकी लाइट गेल्यावर वाढते. दुकानात हातभर अंतरावर धरून चष्म्याशिवाय एक ओळ वाचून पाहा. तिसरी, टेबलावर उघडी ठेवली तर ती आपोआप मिटते का? मिटत असेल तर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं आजारी माणसाचा हात धरता येत नाही. चौथी, कव्हर. चेनवालं रेक्झिन नवं असताना छान दिसतं; घाम आणि उष्णता यांनी दोन-तीन वर्षांत त्याचे पोपडे निघतात. साधं जाड पुठ्ठ्याचं कव्हर आणि वर घरी शिवलेली कापडी पिशवी जास्त टिकते. पाचवी, रिबीन. एक तरी हवी. नसेल तर लोकरीचा धागा चालतो.

बायबलचा कागद पातळ असतो. जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते, त्यामुळं खूण करायची तर पेन्सिल किंवा साधी रंगीत खडू-पेन्सिल वापरा. पावसाळ्यात कसर लागते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवा, पुस्तकात नको, डाग पडतात.

कोणतं भाषांतर? बायबल सोसायटी ऑफ इंडियाची पवित्र शास्त्राची प्रत बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेला वाचली जाते. तिची भाषा थोडी जुनी, पण तोंडात बसते, आणि भीतीच्या वेळी तोंडात बसलेलंच आठवतं. जे पहिल्यांदा वाचतायत किंवा ज्यांची घरची बोली अहिराणी, पावरी, मावची आहे, त्यांना सोप्या मराठीतली आवृत्ती जवळची वाटेल. घरात आजोबांच्या पेटीत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली प्रसिद्ध झालेलं भाषांतर असेल तर ते जपून ठेवा. रोजच्या वापराला नको. कॅथलिक घरात भेट द्यायची असेल तर आधी विचारा. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट प्रतीत ६६. जळगाव, धुळे, नंदुरबारचे कॅथलिक धर्मग्राम (चर्चचे स्थानिक विभाग) नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्रात, येतात. तिथल्या फादरांना विचारलं तर योग्य प्रत कळते.

नवा करार आणि स्तोत्रं एवढंच असलेली छोटी प्रत दवाखान्याच्या पिशवीत टाकायला सोयीची आहे. मात्र तिच्यात जुन्या करारातलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक नाही, विलापगीत नाही, एलीया संदेष्ट्याची गोष्ट नाही. शेतकऱ्याच्या घरी ही उणीव जाणवते. का, ते पुढं येतंय.

वापरायची रीत

चांगली प्रत घेऊनही ती कामाला येत नाही अशी तक्रार बऱ्याचदा कानावर येते. दोष बहुधा उघडण्याच्या पद्धतीत असतो. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि निघालेली ओळ हा देवाचा निरोप समजायचा, हा प्रकार बंद करावा. अशानं लेवीय या नियमांच्या पुस्तकातला बुरशीचा नियम निघतो आणि माणूस रात्रभर त्याचा अर्थ लावत बसतो.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करावी. फक्त सहा ओव्या, म्हणजे क्रमांक दिलेली वचनं. सावकाश मोठ्यानं वाचलं तरी मिनिट-दीड मिनिट. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. पुढच्या दोन ओव्यांत मागणं आहे, आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. तक्रार, मागणं, भरवसा, प्रत्येकी दोन ओव्या. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांची बांधणी याच वळणाची असते, त्यामुळं १३ नीट वाचता आलं की बाकीची जमतात.

वाचायची पद्धत अशी. उठून बसा, अंथरुणात पडल्यापडल्या नको. घोटभर पाणी प्या. ओवी १ आणि २ मोठ्यानं वाचा. घरात कुणी झोपलं असेल तर कुजबुजत, पण ओठ हलले पाहिजेत. नुसत्या डोळ्यांनी वाचताना मन भीतीकडंच पळतं. दुसरी ओवी संपली की थांबा आणि आपली भीती नाव घेऊन सांगा: "पोराचा रिपोर्ट," "बँकेची नोटीस," "आईचा श्वास." गोल-गोल बोलू नका. मग ३ आणि ४ वाचा. ५ आणि ६ वाचताना आपल्याला तसं वाटत नसेल तरी वाचा. वाटायलाच हवं अशी सक्ती नाही, ते शब्द त्या घटकेला उसने घेतलेत असं समजा. झालं. लगेच दुसरं स्तोत्र उघडू नका. हेच स्तोत्र सलग सात रात्री. चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत ते पाठ होतं, आणि मग बांधावर, अंधारात, पुस्तक नसतानाही येतं.

पुढच्या आठवड्यात १२१. आठ ओव्या. कॅलेंडरवर याची पहिली ओवी सातपुड्यासारख्या डोंगराच्या फोटोवर छापलेली असते: मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो. पण ती ओवी प्रश्नावर संपते, साहाय्य कोठून येईल? उत्तर दुसऱ्या ओवीत आहे: डोंगराकडून नाही, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याकडून. फोटोवर दुसरी ओवी मावत नाही म्हणून अर्धं औषध पोटात जातं. याच स्तोत्रात राखणारा डुलकी घेत नाही असं आहे, म्हणून रात्रपाळीच्या माणसाला ते लागू पडतं. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असंही आहे. ते वाचून मे महिन्यात दुपारी डोक्याला उपरणं न गुंडाळता शेतात जाऊ नये.

रात्रीची लाइट सांभाळणाऱ्यांसाठी १३० सुद्धा. पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात लागोपाठ दोनदा येतात. मोटर चालू करून बांधावर बसलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

४६ हे मोठ्या संकटाचं स्तोत्र. पृथ्वी हलते, डोंगर समुद्रात ढासळतात, पाणी गर्जतं. अकरा ओव्यांत 'सेला' हा हिब्रू शब्द तीनदा येतो. त्याचा नेमका अर्थ ठाऊक नाही, पण तिथं थांबायचं असतं असं अनेक अभ्यासक मानतात. प्रत्येक सेलाला तीन लांब श्वास घ्या. नुसत्या पहिल्या ओवीवर थांबलात तर "देव आमचा आश्रय" एवढं हातात येतं, आणि दहाव्या ओवीतलं शांत राहायला सांगणं राहून जातं. ते सांगणं सगळा गोंगाट ऐकून झाल्यावर येतं, म्हणून खरं वाटतं.

ज्याला कुठंच उजेड दिसत नाही त्याला ८८ द्या. हे धाडसाचं वाटेल. अठरा ओव्या, आणि शेवटी वळण नाही. स्तोत्र अंधारावरच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं, आणि त्यातला माणूस तक्रार करतोय ती देवापाशीच. घाबरलेल्या माणसाला सारखं "विश्वास ठेव, आनंदी राहा" ऐकवणाऱ्यांनी एकदा ८८ मोठ्यानं वाचावं.

९१: सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, सगळ्यात जास्त चुकणारं

कोरोनाच्या काळात स्तोत्र ९१ घराघरांत पोचलं. व्हॉट्सअ‍ॅपवर, दारावर, गाडीच्या काचेवर. मरीपासून सुटका, सहस्रावधी पडले तरी तुझ्याजवळ येणार नाही, असे शब्द त्यात आहेत, म्हणून ते लसीसारखं वापरलं गेलं. मग घरात कुणी आजारी पडलं की दोन ओझी झाली: आजार एक आणि "आपलाच विश्वास कमी पडला" हे दुसरं. दुसऱ्यानं माणसं जास्त खचली.

यावरचा उतारा बायबलमध्येच आहे. मत्तय ४, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, उघडा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगताना हेच ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो: देवदूत तुला झेलतील. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, म्हणतो. म्हणजे या स्तोत्राचा ताईत करणं कुणाचं काम आहे ते शास्त्रानंच लिहून ठेवलंय. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती जास्त पापी होती का, यावर येशूचं उत्तर "नाही." योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात कुणाचं पाप, तिथंही तेच. ९१ जरूर वाचा, पण मत्तय ४ आणि लूक १३ सोबत, आणि जोर पंधराव्या ओवीवर द्या: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नाही असं ती ओवी म्हणत नाही.

आणखी एक फिरता दावा: बायबलमध्ये "भिऊ नको" ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. मोजायला बसलात तर आकडा भरत नाही. वाक्य पुष्कळदा येतं, एवढं खरं. गुळगुळीत आकड्यावर आशा टांगली की कुणी तरी मोजतो आणि मग आशाही मोडते.

पीक गेलेल्या घरासाठी

केळी आडवी झाली, कपाशी काळी पडली, अशा घरी हबक्कूक वाचावं अशी शिफारस. शेवटचा उतारा खानदेशी कानाला थेट कळतो: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. पण हा उतारा एकटा कापून वाचला तर जखमेवर मीठ. पुस्तक फक्त तीन अध्यायांचं, ५६ ओव्यांचं. मोठ्यानं दहा-बारा मिनिटांत होतं. सुरुवातीलाच संदेष्टा देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? दुसऱ्या अध्यायात तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. तिसऱ्यातला 'तरी' या सगळ्यातून वर आलेला आहे, म्हणून तो झेपतो.

वेळही पाहावी. पंचनामा व्हायचाय, तलाठी अजून बांधावर आलेला नाही, आडवी खोडं उचलायचीत, अशा वेळी पुस्तक बंद ठेवून कोयता हातात घ्या. वाचन संध्याकाळी, जेवण झाल्यावर.

जेवणाचं मुद्दाम म्हटलं. १ राजे १९ मध्ये एलीया जिवाच्या भीतीनं पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा कुंजा देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि म्हणतो प्रवास तुला झेपण्यापलीकडचा आहे. देवाशी बोलणं होतं ते पुढं, होरेब डोंगरावर. घाबरलेल्या माणसाकडं जाताना आधी कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, वचन नंतर, हा क्रम यातून मिळतो. रिकाम्या पोटी, दोन रात्रींच्या जागरणावर कोणतंही स्तोत्र नीट लागत नाही.

फिलिप्पै ४:६ (प्रेषित पौलाच्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाची सहावी ओवी) हेही असंच तोडून वापरलं जातं. कशाविषयी चिंताक्रांत होऊ नका. घाबरलेल्याला ते रागावल्यासारखं ऐकू येतं. पूर्ण पत्र चार अध्यायांचं आहे आणि पौलानं ते बेड्यांत असताना लिहिलंय. त्याच अध्यायात आधी युवदीया आणि सुंतुखे या दोघी बायकांचं भांडण मिटवायची विनंती आहे, आणि पुढं चौदाव्या ओवीत, माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलंत. चिंता करू नका म्हणणाऱ्या माणसालाही शेजाऱ्यांनी मदत पाठवली होती. मंडळीत हा उतारा वाचला जातो तेव्हा दानाची पेटी फिरते. ती त्याच आठवड्यात कुणाच्या तरी औषधापर्यंत पोचली तर उतारा पूर्ण वाचला असं म्हणता येईल.

अ‍ॅप

युव्हर्शनचं बायबल अ‍ॅप फुकट आहे, मोबाइलवर २००८ पासून आहे आणि मराठीत एकाहून जास्त भाषांतरं देतं. बसवल्यावर भाषांतराच्या नावावर बोट ठेवा, भाषा मराठी निवडा, आवडलेल्या भाषांतरापुढं डाउनलोडची खूण असेल तर ते उतरवून घ्या. हे घरी, रेंज असताना करा. धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर किंवा दवाखान्याच्या तळघरातल्या एक्स-रे विभागाबाहेर नेट मिळेल या भरवशावर राहू नका. ऐकण्यासाठी बायबल डॉट इज हे दुसरं फुकट अ‍ॅप जास्त सोयीचं, कारण त्यात आवाजाच्या फाइली उतरवून ठेवता येतात.

अ‍ॅपची खरी किंमत ऐकण्यातच आहे. ज्या आजींना वाचता येत नाही, ज्यांचे डोळे मोतीबिंदूनं गेलेत, जो ट्रॅक्टरवर आहे, त्यांच्यासाठी छापील प्रत काही कामाची नाही. अहिराणी आणि मावचीतही नव्या कराराचं भाषांतर झालेलं आहे. प्रमाण मराठी उपासनेपुरतीच कानावर पडणाऱ्या घरात ते शोधून लावून द्यावं. वेग थोडा कमी करा. पार्श्वसंगीत असलेलं नाट्यरूप ध्वनिमुद्रण दिवसा ठीक, रात्री झोप उडवतं. साध्या एका आवाजातलं मिळालं तर ते घ्या. झोपेचा टायमर पंधरा मिनिटांवर लावा, नाहीतर स्तोत्रं संपून नीतिसूत्रं सुरू होतात आणि सकाळी बॅटरी लाल.

बिघडतं कुठं? रात्री तीनला फोन उचलला की बायबलच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. गावाच्या ग्रुपवर बिबट्याचा, बहुधा दुसऱ्याच राज्यातला, व्हिडिओ असतो. दहा मिनिटांत भीती दुप्पट. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच अ‍ॅप उघडा, उजेड तळाशी न्या. रोज येणारी 'आजचे वचन' ही सूचना बंद करा. ते कॅलेंडरच आहे, फक्त खिशातलं. सलग किती दिवस वाचलं याचा आकडा अ‍ॅप दाखवतं, तोही दुर्लक्षित करा. आजारपणात एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला म्हणून अपराधी वाटून घेणारे लोक आहेत.

कॅलेंडर आणि वचनपेटी

फार बोलण्यासारखं नाही. कागद गुळगुळीत, फोटो सुंदर, वचनं निवडक गोड. स्तोत्र १३ ची पहिली ओवी कॅलेंडरवर दिसली तर कळवा. सगळ्यात आवडतं वचन यिर्मया २९:११, भवितव्य आणि आशा देण्याचे संकल्प. त्याच्या आधीची दहावी ओवी कधीच छापत नाहीत: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. हे वचन यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. घरं बांधा, बागा लावा, राहता त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असं त्यात सांगितलंय. येत्या गुरुवारच्या बँकेच्या भेटीचं आश्वासन त्यातून काढलं तर शुक्रवारी देवावर राग येतो. सत्तर वर्षांची ओवी धरून वाचलं तर मात्र उलट होतं: लांब चालणाऱ्या संकटात केळीची नवी बाग लावायला बळ देणारं दुसरं इतकं व्यवहारी पत्र नाही.

एकट्यानं उभी राहू शकतात अशीही काही वचनं आहेत. यशया ४१:१०, स्तोत्र ५६:३, मार्क ५:३६. वचनपेटी वापरायचीच असेल तर कार्डाच्या मागं पेन्सिलीनं पूर्ण अध्यायाचा आकडा लिहा आणि संध्याकाळी तो अध्याय वाचा.

गाण्याचं एक सांगायला हवं. ज्यांना वाचन लागतच नाही त्यांना 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक बऱ्याचदा लागतं. ना. वा. टिळकांची भजनं टाळ-ढोलकीवर खानदेशात अजून म्हटली जातात, आणि पाठ असलेलं गाणं भीतीत सगळ्यात आधी ओठांवर येतं.

जिथं पुस्तक पुरत नाही

छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, तर स्तोत्र नंतर, गाडी आधी, १०८ला फोन. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, चोवीस तास, फुकट. प्रार्थनेच्या भरवशावर बीपीची, साखरेची, फिटची किंवा सिकलसेलची गोळी बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याचं ऐकू नका. लूक, ज्याच्या नावानं शुभवर्तमान आहे, त्याला पौल कलस्सै ४:१४ मध्ये प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली किंवा रुमाल पैसे घेऊन देणाऱ्यालाही दारातूनच वाटेला लावा.

शेजारी ख्रिस्ती नसेल आणि घाबरलेला असेल, तर पुस्तक त्याच्या हातात कोंबू नका. त्यानं मागितलं तर द्या, आणि द्याल तेव्हा आपली खुणा केलेली प्रत नको, कोरी द्या.

वॉर्डात भेटायला जाणाऱ्यांसाठी: आधी रुग्णाला विचारा, वाचू का? नको म्हटलं तर नुसते बसा. हो म्हटलं तर एकच स्तोत्र, २३ किंवा १२१, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात. समजावून सांगू नका. २३ मध्ये मृत्युच्छायेच्या दरीची ओवी गाळू नका. रुग्णाला ती माहीत असते, आणि तुम्ही ती चुकवलीत हे त्याच्या लगेच लक्षात येतं. पाच मिनिटांत उठा. निघताना नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारा, रात्री थांबायला कोण आहे, आणि डबा कुणाकडून येतोय.